‘गावाच्या हाती दिलं की वाटोळं’ म्हणणाऱ्यांनी पांझरा पाहावी

“जागतिकीकरणात स्थानिक विकास ही भाबडी कल्पना आहे. पाणी-जंगल गावाच्या हाती दिलं की वाटोळं होतं. खान्देशात स्वतःचं काही उभं राहिलं नाही. केळीसुद्धा बाहेरच्यांमुळे परदेशात गेली. मोठी कंपनी येईल तेव्हाच प्रगती.” हा मेसेज चार ग्रुपांवर आला, मी सोडून दिला. परवा भाच्याने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि आबांनी वाचला. आबांचं आयुष्य धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकाठच्या फडात, म्हणजे सामाईक पाण्यावरच्या शेतीत गेलं. ते एवढंच म्हणाले, “मग आम्ही काय केलं रे?”

म्हणून आधी पाण्याचं. साक्री-धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत काही शतकं चालली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली भिजणारा शेतांचा एकेक पट्टा म्हणजे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि ते शेतकऱ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी कमी पडलं तर अख्खा फड पडीक. जमीन वेगवेगळ्या फडांत वाटलेली, त्यामुळे झळ एकट्याला बसत नसे. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागले, त्यांचा मोबदलाही शेतकऱ्यांचाच. आज बरेच फड मोडलेत, मान्य. पण वर धरणं होऊन वाहतं पाणी घटलं, त्याचं खापर गावावर का?

सामाईक गोष्ट लोक नासवतातच, हा समज एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्पेन आणि फिलिपिन्समधल्या अशाच पाटांचा अभ्यास करून खोडून काढला. त्या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मेसेज लिहिणाऱ्याने निदान तेवढं वाचायचं होतं.

जंगलाचं म्हणाल तर साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. उजाड डोंगरावर गावाने स्वतःच नियम घातले, मोडणाऱ्याला दंड लावला आणि सुमारे ११०० एकर जंगल राखलं. या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली ती याच कामाबद्दल.

‘स्वतःचं काही नाही’ यावर वेळ घालवत नाही. आजची मोठी आयटी कंपनी विप्रो १९४५ साली खान्देशातल्याच अमळनेरात तेलाच्या कारखान्यापासून सुरू झाली.

केळीबाबत अर्धं खरं आहे. ग्रँड नैन वाण बाहेरचं, शीतगृहांना आणि जहाजाने माल पाठवायला भांडवल लागतं, ते एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नाही. पण जळगावच्या केळीचं भौगोलिक मानांकन रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या कृषी विज्ञान केंद्राने २०१६ साली मिळवलं, आणि २०२१ साली तांदलवाडीच्याच शेतकऱ्यांची २२ टन केळी दुबईला गेली. बाग त्यांची, नावही त्यांच्याच मुलखाचं. कंपनी यावी, जरूर यावी. पण फड, जंगल आणि बाग कुणाच्या नावावर राहणार, हे आधी ठरवून यावी.