भिडस्तपणा आणि बहात्तर तास

कोरोनाच्या महामारीत ग्रंथालयाच्या खिडकीपाशी माझी जी शोभा झाली, तिला ती महामारी जबाबदार होती की मी स्वतः, याचा निकाल माझ्या मनात अद्याप लागलेला नाही. तेव्हा दालनात प्रवेश बंद होता. पुस्तकाचे नाव आधी फोनवर कळवायचे, दिलेल्या वेळी येऊन जमिनीवर रंगवलेल्या वर्तुळात उभे राहायचे आणि पाळी आली की काचेखालच्या फटीतून पिशवी घ्यायची, अशी व्यवस्था होती.

दुर्दैवाने मी मागवलेले पुस्तक भिडस्तपणा कसा घालवावा याविषयीचे होते. एरवी असे पुस्तक नेण्याची एक सभ्य रीत असते. ते दोन जाडजूड वैचारिक ग्रंथांच्या मधे सरकवायचे आणि नोंद होईपर्यंत भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहायचे. वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक काढावे ही पद्धत त्याच्या अब्रूखातरच सुरू झाली असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे.

माझी पिशवी सापडेना. ग्रंथपालबाईंनी पुस्तकाचे नाव विचारले. मी ते पुटपुटलो. त्यातले निम्मे माझ्या मास्कने गिळले, उरलेले काचेने. तीनदा हेच झाल्यावर मागच्या वर्तुळातले गृहस्थ मदतीला धावले. धावले म्हणजे जागेवरूनच, कारण ते नियमांचे मोठे पक्के होते आणि हातातली मिटलेली छत्री आडवी धरून आमच्यातले अंतर अधूनमधून तपासत होते. गरजण्यापूर्वी त्यांनी स्वतःचा मास्क मात्र हनुवटीखाली ओढला.

"भिडस्तपणा! यांना भिडस्तपणावरचे पुस्तक हवे आहे!"

सगळी वर्तुळे माझ्याकडे वळली.

"अहो, लाजता कशाला? मीही वाचले आहे. पहिल्याच प्रकरणात दिले आहे, आपली मागणी चारचौघांत ठणकावून सांगावी. हं, सांगा पुन्हा. पोटातून आवाज काढा."

मी पोटातून आवाज काढला, हे लिहितानाही कानशिले तापतात.

"छे! नजर कुठे आहे तुमची? दुसरे प्रकरण नजरेवर आहे."

मी वर्तुळात नीट उभा आहे की नाही ते पाहत होतो, असे मी म्हणालो.

"सबबी चौथ्या प्रकरणात आहेत," ते म्हणाले.

एवढ्यात बाईंना नोंद सापडली. पुस्तक सकाळीच परत आले होते आणि ७२ तासांच्या विलगीकरणात होते.

"मीच टाकले पेटीत, नऊ वाजता," गृहस्थांनी अभिमानाने जाहीर केले.

या ७२ तासांमागे शास्त्र होते. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोरोनाचा विषाणू पुठ्ठ्यावर २४ तासांनंतर तग धरू शकला नव्हता, प्लॅस्टिकवर मात्र तो ७२ तासांपर्यंत सापडला होता. आणि ग्रंथालये पुठ्ठ्याच्या पुस्तकांना हौसेने प्लॅस्टिकची आवरणे घालतात. पुढे ग्रंथालयीन साहित्यावरच चाचण्या झाल्या, तेव्हा एकावर एक रचलेल्या पुस्तकांवर तो सुट्या पुस्तकांपेक्षा जास्त दिवस टिकलेला आढळला, आणि परतीच्या पेटीत पुस्तके दुसरे काय करतात? शेवटी एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने सांगून टाकले की दूषित पृष्ठभागाला हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणतः १०,००० मध्ये एकाहूनही कमी आहे. आमची पेटी तरीही ७२ तासांवर अडून बसली होती. काळजी घेण्याला माझा विरोध नाही आणि बाईंनी त्या दिवसांत पुस्तके मिळती ठेवली याची मला जाणीव आहे. परंतु रोग हवेतून पसरत असताना तोंड उघडून गरजणारा मनुष्य मोकळा आणि बिचारे मिटलेले पुस्तक कोठडीत, हा न्याय मला समजला नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयांसाठी घालून दिलेल्या पाच नियमांपैकी चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असा आहे. त्यात छत्रीवाल्यांची तरतूद नाही.

पेटीतून सुटल्यावर ते मलाच मिळेल ना, असे मी विचारले. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून आवाज आला, "बाई, मलाही पुन्हा लिहून ठेवा. शेवटचे प्रकरण राहिले आहे."

"तुमची नोंद आजच्या तारखेची होती, सर, ती आज संपते," बाई मला म्हणाल्या. "आधी यांना दिले तर चालेल का?"

मला बरेच काही म्हणायचे होते. मी म्हणालो, "काही हरकत नाही." ते काचेपलीकडे पोहोचले नाही.

"यांची काही हरकत नाही!" गृहस्थ गरजले.