ती पीडीएफ पाठ करू नका

गेल्या महिन्याभरात आपल्या भागातल्या चार मुलांनी मला एकच पीडीएफ पाठवली. पायलटच्या इंटरव्ह्यूचे प्रश्न आणि तयार उत्तरं. ‘ताई, एवढं पाठ केलं की झालं ना?’ चौघांचाही प्रश्न तोच. म्हणून इथंच लिहिते, कारण असंच पाठ करून मी माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत पडले होते.

मी बेळगावजवळच्या मुतग्याची. आमच्या शेतात उभं राहिलं की सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, उतरणारं विमान दिसतं. १९४२ साली ब्रिटिश हवाई दलाने बांधलेलं ते विमानतळ बघतच मी मोठी झाले. सीपीएलचे (व्यावसायिक पायलट परवान्याचे) २०० तास उडवून झाले, डीजीसीएचे, म्हणजे सरकारच्या विमान खात्याचे, पेपर सुटले (७० टक्क्यांना पास, हे घरच्यांना पटवताना नाकी नऊ आले होते), आरटीआर (रेडिओवर बोलायचा परवाना) आणि क्लास वन मेडिकल (पायलटची वैद्यकीय तपासणी) हातात आलं. छोट्या शहरांना एटीआर (दोन पंख्यांची छोटी प्रवासी) विमानं नेणाऱ्या एका कंपनीची लेखी परीक्षाही पास झाले. मग इंटरव्ह्यू घेणाऱ्या तिघांच्या समोर बसले.

क्रिटिकल इंजिन, म्हणजे जे बंद पडलं तर विमान सावरणं जास्त अवघड जातं ते, कुठलं? डावं. का? घडाघडा सांगितलं. मग मधल्या कॅप्टननी माझा फॉर्म उलटला. ‘बेळगावच्या तुम्ही? तुमची धावपट्टी समुद्रसपाटीपासून किती उंच आहे?’

मला सांगता येईना. ज्या धावपट्टीच्या आवाजात झोपले-उठले, तिची उंची मला माहीत नव्हती.

‘साधारण २५०० फूट धरा. एप्रिलची दुपार, ३७ अंश. डेन्सिटी अल्टिट्यूड काढा,’ म्हणत त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणजे इथली हवा किती उंचीवरच्या हवेइतकी विरळ आहे ते. ही व्याख्या मला झोपेतून उठवून विचारली असती तरी आली असती. गणिताला हात चालेना. खरं तर ते पाच ओळींचं आहे. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश, दर हजार फुटांना साधारण दोन अंश कमी. म्हणजे सांबऱ्याला १० असायला हवं, आहे ३७. फरक २७. एका अंशाला १२० फूट धरले तर ३२४० फूट. ते २५०० मध्ये मिळवा. हवेचा दाब नेहमीसारखा धरला, तर त्या दुपारी सांबऱ्याची हवा पावणेसहा हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. पंखांना उचल कमी, इंजिनाला ताकद कमी, धावपट्टी जास्त लागणार.

घरी येऊन वडिलांना, आप्पांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, ‘मग मी काय म्हणत हुतो? उन्हाळ्यात इमान लई लांब जाऊन उठतंय बघ.’ खरंच, ते दरवर्षी म्हणायचे. बांधावर बसून त्यांनी जे पाहिलं होतं, ते मी पुस्तकाशी कधी जोडलंच नव्हतं.

आठ महिन्यांनी दुसऱ्या कंपनीकडून बोलावणं आलं. तिथं विचारलं, ‘मिनिमम्स आले, धावपट्टी दिसत नाही, तरी कॅप्टन खाली जातायत. काय कराल?’ मिनिमम्स म्हणजे ती उंची, जिथवर धावपट्टी दिसली नाही तर उतरणं सोडून द्यायचं. पीडीएफमधलं उत्तर असं की मी ठाम राहीन आणि एसओपी, म्हणजे ठरलेली कार्यपद्धती, पाळीन. ते ओठावर आलं होतं, पण मी थांबले. मला आमची शेणखताची ट्रॉली आठवली. आप्पा ट्रॅक्टर मागं घेत होते, मी मागं उभी, आणि विहिरीचा कठडा हातभर उरला होता. मी ‘आप्पा, थांबा!’ म्हटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. परत ओरडले, तरी नाही. मग पळत पुढं जाऊन त्यांचा हातच धरला. हेच सांगितलं, आणि पुढं म्हटलं की कॅप्टनना ‘गो अराउंड’ (उतरणं सोडून परत वर चला) सांगेन, ऐकलं नाही तर पुन्हा सांगेन, आणि तरीही नाही तर ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून विमान वर घेईन. त्यानंतर अर्धा तास त्यांनी मला यावरच खोदून विचारलं. आपल्याकडे मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे अंगात मुरलेलं असतं. को-पायलटच्या खुर्चीत बसल्यावर तुम्ही बोलाल की नाही, हेच त्यांना बघायचं असतं.

आणि इंग्रजीची भीती काढून टाका. घरात मराठी, बाजारात कन्नड, हिंदी येतेच, असं बोलत आपण वाढलोय. परवान्याला आयकाओची (आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेची) इंग्रजीची लेव्हल फोर लागते. उच्चार विलायती नसला तरी चालतो, समोरच्याला समजला पाहिजे. रीडबॅकमध्ये, म्हणजे कंट्रोलरची सूचना रेडिओवर परत म्हणताना, क्यूएनएच (उंची मोजायच्या यंत्राला लावायचा हवेच्या दाबाचा आकडा) चुकला तर मात्र कुठलीही झकपक भाषा वाचवणार नाही. आकडे मोठ्याने म्हणायचा सराव करा, नाइनला ‘नायनर’ म्हणायची जिभेला सवय लावा.

सिम चेकबद्दल, म्हणजे सिम्युलेटरवरच्या परीक्षेबद्दल, वेगळं लिहीन, तो विषय मोठा आहे.

या शनिवार-रविवारी मी मुतग्याला घरी आहे. ज्यांना इंटरव्ह्यूची तारीख आली आहे त्यांनी सकाळी या. येताना कागद-पेन्सिल आणा, आणि आपल्या गावची उंची काढून आणा.