एरंडाचं गुऱ्हाळ आणि भाचीची वेणी

रविवारी दुपारी ताईचा फोन आला, "असशील तशी ये. आणि येताना मोठ्या दातांचा कंगवा घेऊन ये." गेले तर भाची मोरीच्या उंबऱ्यावर मान खाली घालून बसलेली. डोक्याच्या मागच्या बाजूला नारळाएवढा गोळा. हात लावून पाहिला, तो केसांचाच होता, पण केसांसारखा लागत नव्हता. घोंगडीचा तुकडा दाबून बसवल्यासारखा घट्ट. बोट आत शिरेना. आदल्या रात्रीपर्यंत त्याच केसांची कमरेपर्यंत वेणी होती.

पोरीला डेंग्यू होऊन गेला, त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी केस गळायला लागले. उशीवर केस, न्हाणीच्या जाळीवर केस. घरात काळजी, आणि काळजीच्या वासावर मेसेज येतातच. आमच्या काकूंनी घरच्या ग्रुपवर टाकला. तुमच्याकडेही आला असेल: वर हिरवं पान, 'आजीबाईंचं विसरलेलं रहस्य', शेवटी 'कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत, दहा जणांना पाठवा'. मधला मजकूर थोडक्यात असा. एरंडेल रात्रभर भरपूर थापलं की २१ दिवसांत टक्कलावर केस येतात. पांढरे केस मुळापासून काळे होतात. कोंडा कायमचा जातो. शाम्पू म्हणजे विष, आजी फक्त तेल लावायची. आणि शेवटचा कळस: बाजारचं तेल भेसळीचं असतं, म्हणून एरंडाच्या कच्च्या बिया घरीच मिक्सरमधून काढा, उष्णता अजिबात लावू नका, गुण जळतात, आणि चोथ्यासकट टाळूवर लावा.

भाचीने यातलं रात्रभराचं एरंडेल तेवढं केलं, आणि सकाळी तो गोळा झाला. काकूंवर माझा राग नाही. राग आहे तो हे लिहिणाऱ्यावर. म्हणून कळसापासूनच सुरुवात करते.

एरंडाच्या बीमध्ये रायसिन नावाचं प्रथिन असतं, ठाऊक असलेल्या अतिजहाल विषांपैकी एक. १९७८ साली लंडनमध्ये जॉर्जी मार्कोव्ह या बल्गेरियन लेखकाच्या पायात टाचणीच्या डोक्याएवढी गोळी घुसवली गेली. त्या गोळीत रायसिन होतं असं तपासाअंती मानलं गेलं. चार दिवसांत माणूस गेला. हे सांगितलं की लोक म्हणतात, "मग एरंडेल कसं चालतं? लहानपणी आम्हाला महिन्यातून एकदा पाजायचे की!" बरोबर, मलाही पाजलंय, नाक दाबून, वर सुंठीचा काढा. चालतं, कारण रायसिन तेलात विरघळत नाही. ते पेंडीत, म्हणजे चोथ्यात, मागे राहतं. शेतकऱ्याला विचारा. एरंडीची पेंड तो शेतात खत म्हणून घालतो, गुरांपुढे टाकत नाही.

आता आजीची पद्धत आठवा. बिया आधी भाजायच्या, मग कुटायच्या, मग पाण्यात घालून रटरटा उकळायच्या, आणि वर तरंगलेलं तेल पळीने अलगद काढून घ्यायचं. रायसिन उष्णतेने निकामी होतं. आजीला रायसिन हा शब्द माहीत नव्हता, पण भाजणं आणि उकळणं तिने चुकवलं नाही. 'आजीचं रहस्य' सांगणारा हा महाभाग नेमकं तेवढंच काढून टाकतो. गिरणीतलं घाण्याचं तेल निदान पेंडीपासून वेगळं करून गाळलेलं असतं. इथे तर चोथाच डोक्यावर घ्यायला सांगितलाय!

धड त्वचेतून हे विष फारसं आत जात नाही, तेवढं मान्य. पण कोंड्याने खाजवून खाजवून ओरखडलेली टाळू धड नसते. ज्या हाताने थापलं तो हात तोंडाकडे जातो. एरंडीची भुकटी नाकात गेली तर काहींना दमा उसळावा इतकी जोरदार ॲलर्जी होते. आणि मिक्सरच्या त्याच भांड्यात उद्या शेंगदाण्याची चटणी होणार, त्याचं काय? बी चावून पोटात गेलं तर काही तासांनी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात, आणि त्यावर उतारा म्हणून द्यायला औषध नाही.

आता २१ दिवस. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे २१ दिवसांत सात मिलिमीटर, तेही मूळ जिवंत असेल तर. पुरुषांच्या नेहमीच्या टकलात हार्मोन आणि आनुवंशिकता मिळून मुळं वर्षानुवर्षं बारीक करत आणतात. वरून ओतलेलं तेल तिथे काय करणार? ज्याचा उपयोग खरोखर तपासला गेलाय ते मिनॉक्सिडिल हे टकलावरचं औषधही महिनोन्‌महिने लावावं लागतं, आणि सोडलं की परत ये रे माझ्या मागल्या.

मग "माझे आले ना केस तेलाने" असं सांगणारे सगळे खोटे बोलतात का? नाही, आणि इथेच खरी गंमत आहे. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन झालं की एरवीपेक्षा कितीतरी जास्त केस एकदम विश्रांतीत जातात. ती विश्रांती दोन-तीन महिन्यांची. ती संपली की खालून नवा केस येतो आणि जुना गळतो. म्हणजे डेंग्यूनंतर तीन महिन्यांनी भाचीच्या हातात आलेला केस हा बहुतेक वेळा जागा खाली करून निघालेला जुना भाडेकरू असतो. हे गळणं साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबतं. माणूस घाबरून मधेच तेल लावायला लागतो, गळणं त्याच्या वेळेला थांबतं, आणि श्रेय बाटलीला जातं. चाईच्या चट्ट्यांचंही पुष्कळदा तसंच. आपसूक बऱ्या होणाऱ्या दुखण्याला कुठलंही औषध लागू पडतं.

आणि जिथे गळण्याचं कारण वेगळं असतं तिथे ते शोधावं लागतं. २०२५च्या जानेवारीत बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस दोन-चार दिवसांत मुठीमुठीने हातात यायला लागले. पाणी तपासलं, त्वचेचे नमुने घेतले, आयसीएमआरचं पथक आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्त-लघवीचे आणि रेशनच्या गव्हाचे नमुने तपासून गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्या गावांत कोणी एरंडेलाचे डबे उपडे केले असते तरी गव्हातलं काही कमी झालं नसतं.

पांढरे केस काळे होण्याबद्दल एक ओळ पुरे. रंग मुळातल्या पेशी भरतात, बाहेर आलेला केस मेलेला असतो, आणि तेलाने ओला केस गडद दिसतो तो न्हाईपर्यंत.

कोंड्याचं तर उलटच आहे. मॅलॅसेझिया नावाची बुरशी टाळूवरच्या स्निग्धावर जगते. तिला रात्रभर तेलाची पंगत वाढायची आणि सकाळी कोंडा का वाढला म्हणून विचारायचं! तेलाने पापुद्रे चिकटून बसतात, दिसत नाहीत, इतकंच. डॉक्टर कीटोकोनॅझोलचा शाम्पू देतात तो स्वस्त आहे आणि काम करतो.

शाम्पू विष आणि आजी फक्त तेल लावायची? आमची आजी दर आठवड्याला शिकेकाई-रिठ्याने खसखसून न्हायची. रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळे, आणि त्याचं काम तेल धुऊन काढणं हेच. शाम्पू हा शब्दसुद्धा आपल्याकडच्या चंपीच्या कुळातला, साहेब घेऊन गेला.

बरं, तेलात काहीच अर्थ नाही का? आहे, नाइलाजाने कबूल करते. २००३ साली रेळे आणि मोहिले यांनी 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना छापली. केस धुताना-विंचरताना त्यातलं प्रथिन झिजतं, ती झीज फक्त खोबरेलाने कमी झाली, न्हाण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. कारण खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ, तो केसाच्या आत शिरतो. हे दोघं संशोधक मॅरिकोचे, म्हणजे पॅराशूट विकणाऱ्यांचेच, हे विसरू नका. तरी प्रयोग नीट मांडलेला आहे आणि मी तो मानते. पण त्यात काय सिद्ध झालं? बाहेर आलेला केस कमी तुटतो, एवढंच. नवा केस उगवण्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. आणि एरंडेल तर त्या प्रयोगात नव्हतंच. त्यात ८५-९० टक्के रिसिनोलेइक आम्ल, त्यामुळे ते मधासारखं दाट, ओतताना तार धरणारं. केसावर लेप बसतो, चकाकी येते. चार थेंब खोबरेलात घातले तर बिघडत नाही.

अर्धी वाटी घातली, वर टॉवेल करकचून बांधला, सकाळी सगळे केस डोक्यावर गोळा करून कढत पाण्याने चोळले, की काय होऊ शकतं ते मी मोरीच्या उंबऱ्यावर पाहिलं. लाखो लोक एरंडेल लावतात आणि त्यांना असं होत नाही, खरंय. पण ही आमच्याच घरची नवलाई नाही. २०१७ साली 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी'त अशीच नोंद आलीय: वीस वर्षांची मुलगी, लांब केस, खोबरेल आणि एरंडेल लावून न्हाली, आणि केसांचं घरटं झालं. तिथेही शेवटी कात्रीच लागली.

आम्ही तीन तास बसलो. कंडिशनर, खोबरेल, विणकामाची सुई, सगळं झालं. सुई वाकली. तेवढ्यात शेजारच्या आजी डोकावल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "अगंबाई, जट आली! कात्री लावू नका हं, देवीचं असतं." त्या क्षणी मला त्या मेसेजवाल्याचा खरा संताप आला. या राज्यात जट आली म्हणून मुली यल्लम्माला सोडल्या गेल्यात. अंनिसचे कार्यकर्ते आजही घरोघर जाऊन, तासन्‌तास समजावून बायकांच्या जटा कापतात. आणि इथे सुशिक्षित घरात अर्ध्या वाटी तेलाने तीच भीती उंबऱ्यापर्यंत आणली. भाचीच म्हणाली, "मावशी, काप." हनुवटीशी कापले.

संध्याकाळी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. कोणी काही बोललं नाही. रात्री काकूंचा फोन आला, आवाज बारीक. "अगं, मग त्या बियांचं काय करू? नाल्याकडच्या झाडाच्या आणल्यात, गच्चीत वाळत घातल्यात." मी विचारलं, मोजून घातल्यात का. कारण काकूंकडे तीन वर्षांचा नातू आहे, आणि एरंडाची बी दिसायला फार देखणी असते, तपकिरी-पांढऱ्या नक्षीची, मण्यासारखी गुळगुळीत. काकू फोन तसाच ठेवून गेल्या. नातवाने खेळायला चार घेतल्या होत्या म्हणे. तीन त्याच्या गाडीच्या डिकीत मिळाल्या. चौथीसाठी रात्री साडेअकरापर्यंत घर उपसलं, ती सोफ्याच्या फटीत होती.