धोक्याचा इशारा मराठीतही हवा

मे २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले, त्याच ७ तारखेला केंद्र सरकारने देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम ठेवली होती. २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांची यादी निघाली. कर्नाटकात बेंगळुरू, कारवार आणि रायचूर इथे तालीम ठरली. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असलेल्या, सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण शाळा असलेल्या बेळगावकडे ती आली नाही. त्याच आठवड्यात कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या खोट्या बातम्या वाहिन्यांवर झळकत होत्या. कर्नल सोफिया कुरेशी यांच्या गोकाक तालुक्यातल्या सासरच्या घरावर हल्ला झाल्याची पोस्टही फिरली. ती धादांत खोटी होती, बेळगावच्या पोलिसांना तसा खुलासा करावा लागला. म्हणजे युद्धाच्या दिवसांत आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला तयारी आली नाही, अफवा मात्र आली.

फिनलंडमधून हे पाहताना काळजी वाटते. रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा असलेला हा देश एप्रिल २०२३ मध्ये नाटोत गेला. लोकसंख्या साधारण ५६ लाख. आपल्या एकट्या बेळगाव जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ४७ लाख ७९ हजार होती. तेव्हा ‘छोट्या देशाला जमते, आपल्याला कसे जमणार’ हे उत्तर इथे चालत नाही. पैशांचा फरक आहे, तो मान्य. सक्तीच्या लष्करी सेवेचाही आहे. पण ज्या गोष्टींबद्दल पुढे लिहितो आहे त्यांना ना फारसा पैसा लागतो, ना बंदूक.

आधी धोका कसा बदलला आहे ते पाहू. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड आणि एस्टोनियामधली बाल्टिककनेक्टर गॅसवाहिनी समुद्रतळाशी फुटली. नोव्हेंबर २०२४ मध्ये हेलसिंकी ते जर्मनीतले रॉस्टॉक ही डेटा केबल तुटली. २५ डिसेंबर २०२४ ला, ऐन नाताळात, एस्टोनियाला जाणारी ६५० मेगावॅटची एस्टलिंक-२ वीजवाहिनी बंद पडली. ‘ईगल एस’ नावाच्या तेलवाहू जहाजाने नांगर समुद्रतळावरून कितीतरी किलोमीटर फरफटत नेला, असा आरोप झाला. फिनलंडने जहाज ताब्यात घेतले, अधिकाऱ्यांवर खटला भरला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयाने तो आपल्या अधिकारक्षेत्रात बसत नाही म्हणून काढून टाकला. एकही गोळी सुटली नाही. मुद्दाम केले की अपघात, हे न्यायालयात ठरलेच नाही. वाहिनी दुरुस्त व्हायला मात्र काही महिने गेले. २०२४ च्या वसंतात जीपीएसमधल्या अडथळ्यांमुळे फिनएअरला एस्टोनियातल्या टार्टूची विमाने महिनाभर थांबवावी लागली. जगाची घडी बिघडते ती आता अशी: वीज जाते, नळ कोरडा पडतो, फोन मुका होतो, आणि कोणी केले ते कळतही नाही.

अशा धोक्याला सीमेवरचा जवान एकटा पुरा पडत नाही. आपल्याकडे घराघरांतून फौजेत गेलेली माणसे आहेत, त्याचा सार्थ अभिमान आहे. पण त्या अभिमानामुळेच ‘संरक्षण हे दिल्लीचे आणि फौजेचे काम’ अशी समजूत आपल्यात पक्की बसली आहे. ती सोडावी लागेल.

फिनलंडमध्ये प्रत्येक घराला सांगितलेले असते की पहिले ७२ तास कोणी येणार नाही असे धरून चाला. माणशी रोज किमान दोन लिटर पिण्याचे पाणी, न शिजवता खाता येईल असे अन्न, बॅटरीवरचा रेडिओ, विजेरी, औषधे, थोडी रोख रक्कम. भोंग्याची चाचणी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला होते. खऱ्या धोक्याचा भोंगा एक मिनिट चढत-उतरत वाजतो, सात सेकंद चढ आणि सात सेकंद उतार. धोका टळल्याचा सलग एक मिनिट, एकाच सुरात. शाळेतल्या पोरालाही हा फरक कळतो. देशात ५० हजारांवर निवारे आहेत आणि त्यांत सुमारे ४८ लाख लोक मावतात. १,२०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी निवासी इमारत बांधली की निवारा बांधावाच लागतो, माणशी पाऊण चौरस मीटर या हिशेबाने. एरवी तिथे सायकली ठेवतात, व्यायामशाळा चालवतात. सरकारचा आदेश निघाला की ७२ तासांत तो रिकामा करून वापरण्याजोगा करायचा असतो. गोची इथेच होते: दाराचे रबर वाळून तडकते, हवा गाळणारे यंत्र वर्षानुवर्षे कोणी फिरवून पाहत नाही, किल्ली कोणाकडे आहे ते आठवत नाही. म्हणून दर दहा वर्षांनी तरी उपकरणांची तपासणी बंधनकारक आहे.

असे निवारे बेळगावात बांधा असे माझे म्हणणे नाही. आपल्याला त्यांची गरजही नाही. आपली गरज पाण्यापासून सुरू होते.

शहराला पाणी राकसकोप आणि हिडकलमधून येते, आणि ते चढवायला पंप लागतात. वीज दोन दिवस गेली तर गच्चीवरची टाकी संपेपर्यंतच आपला धीर. जुन्या बेळगावात, खानापूर-निपाणीच्या वाड्यांत आड भरपूर आहेत, पण रहाट काढून तिथे मोटर बसवली गेली आहे. मोटर बंद पडली की पाणी डोळ्यांसमोर असून घशाला कोरड. तेव्हा पहिले काम म्हणजे कप्पी, दोर आणि पोहरा परत आडावर आणून ठेवणे, आणि दोर ओढून पाहणे, कारण अडगळीत पडलेला सुती दोर आतून कुजलेला असतो.

दुसरे काम निर्जंतुकीकरणाचे. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. गोल आडातले पाणी मोजायला मापे मीटरमध्ये घ्या: व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले चार, आणि लिटर काढायला गुणिले हजार. दोन मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर सुमारे ९,४०० लिटर भरते, म्हणजे पावडर साडेतेवीस ग्रॅम. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे निवळ पाणी तेवढे आडात सोडून पोहऱ्याने ढवळायचे आणि तासभर थांबायचे. चुन्याचा साका आडात ओतू नये. पावडरीचे पोते उघडे राहिले, ओल लागली की क्लोरीन उडून जातो आणि माप बरोबर असूनही पाणी शुद्ध होत नाही. बहुतेक ठिकाणी चूक होते ती हीच. पाकीट हवाबंद डब्यात ठेवा, वर तारीख लिहा. आपल्या उन्हाळ्यात माणशी दोन लिटरही पुरणार नाहीत, तीन-चार धरा.

अन्नाची चिंता आपल्याला कमी. कडक भाकरी, शेंगाचटणी, गूळ, पोहे, भडंग एवढे घरात असले तरी तीन दिवस निभतात. इंडक्शनवर अवलंबून असलेल्यांनी मात्र एक भरलेला सिलिंडर बाजूला ठेवावा. मधुमेही घरांत फ्रिज बंद पडला की इन्सुलिनचे काय, हा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा: ओल्या वाळूत मातीचे मडके, मडक्यात कोरड्या डब्यात कुपी, आणि मडके सावलीत.

आता मुद्द्याचे. फिनलंडमध्ये स्वीडिश मातृभाषा असलेले लोक साधारण पाच टक्के आहेत. ज्या नगरपालिकेत अल्पसंख्य भाषेचे ३,००० किंवा आठ टक्के लोक आहेत ती द्विभाषिक ठरते. स्वीडिश शाळेत सक्तीची असावी का, यावर इथेही वर्षानुवर्षे वाद झडतात. पण धोक्याचा अधिकृत इशारा फिनिश आणि स्वीडिश दोन्ही भाषांत द्यायचा हे कायद्याने ठरले आहे, आणि उत्तरेकडच्या मूळनिवासी सामी लोकांच्या प्रदेशाशी संबंध असेल तर सामी भाषेतही. त्यावर वाद नाही, कारण इशारा न कळलेला माणूस बाकीच्यांनाही अडचणीत आणतो. तो चुकीच्या रस्त्याने गाडी काढतो आणि रुग्णवाहिका अडते.

आपल्याकडे १९५६ पासूनचा सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. फलकावर ६० टक्के कन्नड, १५ टक्क्यांहून जास्त मराठी भाषिक असतील तिथे मराठी परिपत्रके, १ नोव्हेंबरचा काळा दिन, यावर आपण बोलत आलो आहोत आणि बोलत राहू. तो हक्काचा लढा आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण त्या मागण्यांच्या यादीत सर्वात वर आपत्तीचा इशारा असायला हवा होता, आणि तो कुठेच दिसत नाही. खानापूर तालुक्यातल्या म्हाताऱ्या आजीला बाजारापुरते कन्नड बोलता येते, मोबाइलवर आलेला कन्नड मजकूर वाचता येत नाही. तिला तो मराठीत मिळावा या मागणीला नाही म्हणणे कोणत्याही अधिकाऱ्याला जड जाईल. तसेच कागल-चंदगडच्या बाजूला राहणाऱ्या कन्नड भाषिकालाही त्याच्या भाषेत इशारा मिळायला हवा, हे आपणच पुढे होऊन म्हटले पाहिजे.

सेल ब्रॉडकास्टचा इशारा, म्हणजे टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या मोबाइलवर एकदम येणारा संदेश, टॉवरवरून पसरतो. सीमेवरच्या गावात फोन कधी या राज्याचा टॉवर पकडतो, कधी त्या. मग इशारा कोणाचा आणि कोणत्या भाषेत, हे फोनच्या नशिबावर सोडून चालणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले, वाहतूक थांबली. पाणी दोन्ही राज्यांचे, रस्ता दोन्ही राज्यांचा. बाकी अलमट्टीच्या उंचीवरून आपण भांडतोच. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, डेन्मार्क यांच्यात १९८९ चा बचावकार्याचा करार आहे: गरज पडली की शेजारच्या देशाची मदत सीमा ओलांडून येऊ शकते. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये एका कंडक्टरच्या मारहाणीवरून दोन राज्यांच्या बसगाड्या थांबल्या. बस थांबते तिथे अग्निशमनचा बंब थांबणार नाही, याची लेखी हमी कागल आणि निपाणी यांच्यात असायला हवी.

एका बाबतीत फिनलंडपेक्षा बेळगाव पुढे आहे. फिनलंडमध्ये एकाच जिन्यावर राहणारे शेजारी एकमेकांची नावे जाणत नाहीत, आणि निवाऱ्यात कोणाला आधी न्यायचे हे कागदावर शोधावे लागते. आपल्या गल्लीत पंच आहेत, गणेशोत्सव मंडळ आहे, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेला माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त ते लिहून ठेवलेले नाही. मंडळाने एक वही करावी: ऑक्सिजन यंत्रावरचे रुग्ण, डायलिसिसवाले, गरोदर बायका, एकटे म्हातारे, आडाच्या किल्लीचे घर, जनरेटर कोणाकडे आणि त्यात डिझेल किती तासांचे. वही कागदाचीच हवी. मोबाइलच्या टॉवरची बॅटरी काही तासांत उतरते, मग व्हॉट्सॲपवरची यादी कोणाच्या कामाची? बातमी मिळवायची तर सेलवरचा रेडिओ आणि आकाशवाणी, धारवाड किंवा सांगली. आणि जोपर्यंत आकाशवाणीवर किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडून आलेले नाही तोपर्यंत पुढे पाठवायचे नाही, हा नियम गल्लीत पाळला तर कर्नल कुरेशींच्या सासरच्यांसारखा मनस्ताप दुसऱ्या कोणाला होणार नाही.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष २००५ च्या कायद्याने जिल्हाधिकारीच असतात. पावसाळ्याआधीच्या बैठकीत मराठी आणि कन्नड दोन्ही भाषिकांनी एकत्र जाऊन त्यांच्यापुढे निवेदन ठेवावे: इशाऱ्याचे मसुदे दोन्ही भाषांत आत्ताच तयार करून ठेवावेत, कारण पूर आल्यावर भाषांतर करायला कोणाला सवड नसते; भोंगा कोणत्या सुरात काय सांगतो ते प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर दोन्ही भाषांत लिहावे; आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांशी बंब, बोटी आणि रुग्णवाहिकांचा लेखी करार त्याच बैठकीत मांडावा.