माझेच बूट, मलाच लाथ

काल मला माझ्याच कमांडरने मारलं. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ, त्यातला चौघांचा कमांडर गेम. प्रत्येकाचा एक म्होरक्या क्रीचर असतो, तोच कमांडर. माझं लाइफ, म्हणजे उरलेला जीव, 36. समोरच्याने आठ लँड टॅप करून, म्हणजे जमिनीची कार्डं आडवी करून त्यांतून मॅना ही शक्ती काढून, 'इन्सरेक्शन' टाकलं आणि खेळ खलास.

2002 च्या 'ऑन्स्लॉट' संचातलं हे कार्ड. आठ मॅना, त्यातले तीन लाल. टेबलावरचे सगळ्यांचे सगळे क्रीचर, म्हणजे लढणारी कार्डं, अनटॅप होतात (पुन्हा उभे होतात), टर्न संपेपर्यंत टाकणाऱ्याच्या ताब्यात जातात, वर हेस्ट मिळते, म्हणजे आल्या पावली हल्ला. अडवायला समोर कोणी उरतच नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं कार्ड आहे हे.

आता माझा कमांडर. मूळ ताकद 7. पाच टर्न उपाशी राहून त्यावर ताकद एकेकाने वाढवणारे चौदा +1/+1 काउंटर चढवले होते, फासे ठेवून. कोणी नेम धरू नये म्हणून 'स्विफ्टफुट बूट्स' हे इक्विपमेंटही (क्रीचरला चढवायचं सामान) घातलं होतं, त्याने हेक्सप्रूफ मिळतं. पण इन्सरेक्शन नेम धरतच नाही, सरसकट उचलतं. तिथे हेक्सप्रूफ काय कामाचं!

एवढ्यात तासाभरापूर्वी बाद झालेला गडी खुर्ची ओढून जवळ आला. बाद झालेल्या माणसाला नियमांचा भलताच उमाळा येतो.

"थांब, थांब. लाइफ 36 असलं म्हणून काय झालं? एकाच कमांडरकडून लढाईत 21 बसले की माणूस बाद."

"पण कमांडर माझा आहे."

"चालवणारा कोण, हे नियम बघतच नाही." मग फाशांना बोट लावून मोठ्याने मोजायला लागला. "सात आणि... बारा, तेरा, चौदा. बरोब्बर एकवीस! छान जमवलंयस रे."

"जमवलं होतं."

"वाईट काय वाटून घ्यायचं? घरचाच आहे की!"

"बूट तरी माझ्याकडे राहतात ना?"

"राहतात तर! इक्विपमेंटचा ताबा तुझाच. फक्त आत्ता ते त्याच्या पायात आहेत."

हा मनुष्य स्वतः मेला तेव्हा नियमांची एक ओळ बोलला नव्हता.

खरं तर चूक माझीच. लाल डेकवाला आठवी लँड टाकून गप्प बसला की संशय यायलाच हवा. सॉर्सरी या जातीचं असल्याने हे कार्ड त्याच्याच टर्नच्या मेन फेजमध्ये, लढाईबाहेरच्या भागात, येतं, तेव्हा ते हाणून पाडणारा एक काउंटरस्पेल हाताशी ठेवावा. 'घोस्टली प्रिझन' असेल तर आपल्यावर धावणाऱ्या प्रत्येक क्रीचरमागे त्याला दोन मॅना मोजावे लागतात आणि आठ तर त्याने आधीच उधळलेले असतात. सगळ्यात गोड औषध 'होमवर्ड पाथ'. ही लँड टॅप केली की ज्याचे क्रीचर त्याच्याकडे परत, पण घाईने वापरायची नाही. हल्ला जाहीर होऊ द्यायचा, मग टॅप करायची. ताबा बदलला की क्रीचर लढाईतून बाहेर. हिरव्यात लढाईतली इजा रोखणारा एका मॅनाचा 'फॉग'ही पुरतो, आणि त्यानंतरची मजा वेगळीच: उधारीचे क्रीचर परत जातात, त्याचे स्वतःचे टॅप होऊन पडलेले, पुढच्याच्या टर्नला अडवायला कोणी नाही. मात्र त्याच्याकडे 'अ‍ॅश्नॉड्स ऑल्टर' असेल तर परत येण्याची आशा सोडा. तो आपले क्रीचर बळी देऊन मॅना काढतो. आपल्याला मिळते ती ग्रेव्हयार्डची, म्हणजे मेलेल्या कार्डांच्या ढिगाची, भर.

माझ्या डेकमध्ये यातलं एकही नव्हतं. बूट होते.

आणि ताबा घेतला म्हणजे कार्डं उचलून आपल्या ढिगात ओढायची नसतात हो! जागेवरच उलट दिशेला फिरवावीत. दोघांच्या स्लीव्ह (कार्डांची कव्हरं) काळ्या असल्या की नंतर कुणाचं काय हे कळत नाही. यानेही सगळं कवेत घेतलं होतं. डेक आवरताना मोजली, तर शंभराऐवजी नव्याण्णव. बूट गायब.

"अरे, माझे बूट त्याच्या डब्यात गेले!"

गडी खुर्ची सरकवत उठला. "नियमाने ताबा तुझाच आहे," म्हणाला.