पिझ्झा खायला जातो की खेळायला?

आमच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून तोच वाद उकरून काढला जातो, मल्टिप्लेक्समध्ये घरचं खाणं का नेऊ देत नाहीत. 2018 ला नागपूर अधिवेशनात मंत्री म्हणाले बाहेरचं खाणं न्यायला बंदी नाही, त्याच सुमाराला पुण्यात मनसेचा राडा झाला, आणि शेवटी जानेवारी 2023 ला सुप्रीम कोर्टानं जम्मू-काश्मीरच्या केसमध्ये सांगितलं की थिएटर मालकाची खाजगी जागा आहे, तो अडवू शकतो, फक्त पाणी फुकट द्या आणि तान्ह्या बाळाचं खाणं आणू द्या. कोणी जिलबी खाऊन खुर्चीला हात पुसले तर, असंही कोर्टात निघालं होतं :) यावर काकांचं ठरलेलं, "तुमच्या अमेरिकेत असली लूट चालत नसेल". चालते हो काका. इथे पण थिएटरात डबा नाही आणि पॉपकॉर्नचा भाव ऐकून भूक मरते.

पण मला यात थिएटरपेक्षा चक ई. चीज जास्त आठवतं, म्हणजे पोरांसाठी पिझ्झा आणि गेमची मशिनं एकत्र असलेली अमेरिकन साखळी. मी सॅन होजेत राहतो आणि पहिलं दुकान इथलंच, मे 1977 चं. काढणारा नोलन बुशनेल, व्हिडिओ गेम बनवणाऱ्या अटारी कंपनीवाला. अटारी गेमचं मशिन बनवून एकदाच विकायची, मग वर्षानुवर्षं त्यात पडणारी नाणी दुसऱ्याच्या खिशात, आणि मशिनं बहुतेक बारमध्ये म्हणजे पोरं लांबच. म्हणून मशिनं ठेवायला स्वतःचंच, पोरांना चालेल असं दुकान. मग पिझ्झा का, तर बनवायला सोपा, बिघडवायला अवघड आणि मुख्य म्हणजे भट्टीतून यायला वेळ लागतो, तेवढ्यात पोरं मशिनात टोकन उडवायची. वाट बघायला लागणं हाच धंदा! हॉटेलवाला त्याबद्दल माफी मागतो, यानं त्यावर साखळी उभी केली.

मग हे रेस्टॉरंट की गेम पार्लर? कंपनी शेअर बाजारात होती तेव्हा शेवटच्या काही वर्षांत निम्म्याहून जास्त कमाई गेम आणि वस्तूंचीच दिसायची. आणि 2020 मध्ये लॉकडाउनला त्याच स्वयंपाकघरातला पिझ्झा त्यांनी डिलिव्हरी ॲपवर पास्क्वालीज नावानं विकायला काढला (पास्क्वाली म्हणजे त्यांच्या यांत्रिक बँडमधला आचारी), लोकांना कळल्यावर फसवल्यासारखं वाटलं. म्हणजे स्वतःच्या नावानं पिझ्झा खपेल असं त्यांनाही वाटत नव्हतं बहुतेक. त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज, नंतर सावरले.

आत गेलात की दारात मुलाच्या आणि तुमच्या हातावर एकाच नंबरचा शिक्का, साध्या उजेडात दिसतच नाही, निघताना निळ्या दिव्याखाली दोन्ही जुळवून मगच सोडतात. पोरगं कुठल्या तरी मशिनपाशी, आईबाप टेबलाशी गार झालेल्या पिझ्झ्यासमोर मोबाइल बघत बसलेले. बाहेरचं खाणं तिथेही चालत नाही, पण कोणी भांडताना मी तरी बघितलं नाही, कारण आत शिरायला पैसेच नाहीत. गेमच्या कार्डात पैसे भरलेत तर खेळा, नाहीतर बसा.

माझ्या मते मुद्दा इथेच आहे. दार फुकट असेल तर खाणं तुमचंच विकत घ्या हे ठीक, त्याला धंदा म्हणतात. पण तिकीट पण घ्यायचं आणि डबा पण अडवायचा, हे दोन्हीकडून कापणं झालं, मग ते मुंबईत असो की कॅलिफोर्नियात. कोर्टानं कायद्याचं सांगितलं, ते बरोबरच असेल, बरोबर आणि रास्त यात फरक राहतोच.

मागच्या खेपेला पुण्यातल्या एका मॉलच्या प्ले झोनमध्ये भाच्याला नेलं. तासाचे पैसे, ग्रिपवाले मोजे वेगळे (घरचे चालत नाहीत), सोबतच्या मोठ्याचंही तिकीट, आणि वर पर्समधली पाण्याची बाटली काउंटरवर ठेवून जा म्हणे, आत वीस-वीस रुपयांच्या मिळतात. त्या दिवशी मी पूर्ण काकांच्या बाजूनं होतो, ग्रुपवर तसं लिहिलं पण. राडा सोडून हां.