वाहने न मोजता वाहतूक कशी मोजावी

वाचकहो, वारणा खोऱ्यातील एखाद्या रस्त्याची वाहतूक गणना करण्याची जबाबदारी उद्या आपल्यावर येऊन पडली, तर मुळीच गांगरून जाऊ नये. शिराळा तालुक्यातील आमच्या रस्त्याच्या रुंदीकरणाची मागणी ‘वाहतूक अपुरी’ या दोन शब्दांत नुकतीच निकाली निघाली असून, गणनेचे तक्ते माहिती अधिकारात मिळवून वाचल्यावर या विद्येतील बऱ्याच खुब्या माझ्या ध्यानात आल्या आहेत.

पहिली खुबी मुहूर्ताची. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९७२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शहराबाहेरील रस्त्यांवर वर्षातून किमान दोनदा, सलग सात दिवस आणि चोवीस तास वाहने मोजावीत; त्यांपैकी एक गणना सुगीच्या व बाजाराच्या ऐन हंगामात आणि दुसरी मंदीच्या काळात असावी. आपण दुसरी तेवढी करावी. आषाढात कारखाने बंद असतात, ऊसतोड मजूर आपापल्या गावी परतलेले असतात, आणि त्यातही बेंदूर साधता आला तर सोन्याहून पिवळे, कारण त्या दिवशी आमच्याकडे बैलांच्या मानेवर कोणी जू ठेवत नाही.

बैल टाळणे फार महत्त्वाचे आहे. गणनेत सगळी वाहने सारखी धरत नाहीत. याच संस्थेच्या १९९० च्या निकषांनुसार मोटारसायकल म्हणजे अर्धी कार, ट्रक किंवा एसटी म्हणजे ३ कार, ट्रॉलीसह ट्रॅक्टर म्हणजे ४.५ आणि बैलगाडी म्हणजे चक्क ८ कार. जानेवारीत उसाने भरलेल्या दहा गाड्या ओळीने निघाल्या की कागदावर ८० कार चढतात, आणि एवढा आकडा कोणत्याही कार्यालयाच्या प्रकृतीला मानवणारा नाही.

मोजणीची जागा, ऊस आणि दूध ज्या फाट्यावरून वळते, त्याच्या पुढे निवडावी.

रात्रीची तर काळजीच करू नये. आम्हाला मिळालेल्या तक्त्यात रात्री अकरा ते पहाटे पाचपर्यंतच्या चार उभ्या आणि एक आडवी अशा रेघा एकाच पेनाने, एकाच दमात ओढलेल्या आहेत, मंगळवारची रात्र आणि बुधवारची रात्र आकड्यांनिशी जुळी आहे, आणि कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग आहे. दुधाचा टेम्पो रोज पहाटे साडेचारला हॉर्न वाजवत आमच्या दारावरून जातो आणि अख्ख्या आळीला उठवतो. या तक्त्यानुसार तो कोणत्याही पहाटे गेलेला नाही. मोजणारी मुले कंत्राटदाराची, पावसात त्यांना साधी ताडपत्री दिलेली नाही, तेव्हा ती टपरीत जाऊन बसली याचे मला नवल वाटत नाही. नवल वाटते ते तक्ता तपासून त्यावर सही करणाऱ्यांचे. आणि जी वाहने या रस्त्याला कंटाळून आलीच नाहीत, त्यांचे काय? खड्ड्यात ट्रॉली उलटेल या भीतीने ट्रॅक्टरवाले डिझेल जाळून लांबच्या वाटेने जातात, बाळंतिणीला नेणारी जीपही तिकडूनच फिरते, आणि तक्त्यात त्यांच्यासाठी रकानाच नाही. रस्ता वाईट म्हणून वाहने कमी भरतात, वाहने कमी भरली म्हणून रस्ता वाईटच ठेवायचा, आणि वर आम्हालाच विचारायचे की इथे वाहतूक आहे कुठे!

आता सरळच बोलतो. साहेब, ऐन हंगामात या, फाट्याच्या अलीकडे बसा, सात दिवस आणि सात रात्री खरोखर मोजा, आणि भरलेला तक्ता त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. त्यानंतरही वाहने कमी भरली, तर आम्ही तोंडातून ब्र काढणार नाही. पण टपरीत बसून भरलेल्या रात्रींना गणना म्हणू नका. तो सरकारी कागदावरचा धडधडीत खोटेपणा आहे, आणि त्यावर सही करणाऱ्या प्रत्येकाला ते सही करतानाच ठाऊक होते.